दहा बाय अठराचा हिशेब

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने कुणी हे म्हणून ठेवले त्याच्याकडे मोटारगाडी नसावी. असती तर ‘आणि मग गॅरेज पाहावे जोडून’ असे पुढे एक शेपूट त्याने नक्की लावले असते. अख्खे घर बांधताना माणूस कंबर कसून, कर्ज काढून, मनाची तयारी करून उतरतो. गॅरेजचे तसे नसते. गॅरेज म्हणजे काय, तीन भिंती, एक छप्पर आणि पुढे शटर. पंधरा दिवसांचे काम! असे मलाही वाटत होते.

माझी सगळी नोकरी सरकारी लेखा विभागात गेली. दुसऱ्यांची अंदाजपत्रके तपासायची, आकड्यांखाली लाल रेघ ओढायची आणि ‘खुलासा व्हावा’ असे समासात लिहायचे, हा माझा तीस वर्षांचा धंदा. त्यामुळे घराला जोडून गॅरेज काढायचे ठरले तेव्हा खर्चाच्या बाबतीत मला कोणी फसवील अशी शंकासुद्धा मनाला शिवली नाही. फसवले कोणीच नाही, हेही आधीच सांगून टाकतो. चुकलो तो मीच.

गॅरेजची वेळ आली ती आईमुळे. २०२१ च्या पावसाळ्यात ती अंगणात घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. बरी झाली, पण हातात वॉकर आला आणि रिक्षाची पायरी चढणे कायमचे संपले. वय ब्याऐंशी. फिजिओथेरपी, डोळ्यांचे डॉक्टर, दर महिन्याची रक्ततपासणी. शेवटी डिसेंबरात एक वॅगन आर घेतली. उंच टपाची, बसायला सोपी. ती गल्लीत उभी राहू लागली. समोरच्या घरी पाहुणे आले की आमची गाडी पुढे घ्यायची, दुधाचा टेम्पो आला की मागे घ्यायची. उन्हाने डॅशबोर्ड तापायचा, आणि आईला सीटवर बसवण्याआधी तिच्यावर ओला पंचा टाकून ठेवावा लागायचा. पावसाळ्याआधी गाडी आत आलीच पाहिजे, असे एप्रिल २०२२ मध्ये घरात सर्वानुमते ठरले.

सांगलीतले आमचे घर वडिलांनी १९८७ साली बांधले. तीन गुंठ्यांचा प्लॉट, मधोमध बैठे घर, एका बाजूला सहा फुटांची आणि दुसऱ्या बाजूला चौदा फुटांची मोकळी जागा. वडिलांकडे बजाजची स्कूटर होती. ती जिन्याखाली मावायची. चौदा फुटांची जागा त्यांनी गाडीसाठी ठेवली नव्हती, ऊन यायला ठेवली होती. त्यांची बांधकामाची वही मी अजून जपून ठेवली आहे. तीत निम्मी पाने सिमेंटची आहेत. तो काळच तसा होता. सिमेंटवरचे सरकारी नियंत्रण १९८२ पासून सैल होऊ लागले होते, पण पुरते उठले ते १९८९ मध्ये. याच सिमेंटच्या वाटपावरून जानेवारी १९८२ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले होते. वडिलांच्या वहीत पोत्यांच्या संख्येपुढे ‘मिळाली’ आणि ‘मिळायची’ असे दोन रकाने आहेत. आज दुकानात फोन केला की तासाभरात पोती दारात पडतात. पैसे मात्र मोजावे लागतात, आणि किती मोजावे लागतात ते अंदाजपत्रक करताना कळते.

पहिला अंदाज तोंडी आला. ओळखीतल्याच एका ठेकेदाराने जागेवर उभे राहून, डोळे बारीक करून इकडून तिकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, ‘‘साहेब, दहा बाय अठरा काढू. एकशेऐंशी फूट. साडेबाराशेनं धरा. सव्वादोनमध्ये होतंय की. काय काळजी करू नका.’’

चौरस फुटाचा दर हा आपल्याकडचा मोठा मोहक प्रकार आहे. जमीन, घर, फरशी, रंग, सगळे चौरस फुटात. पण गॅरेजसारख्या लहान बांधकामाला हा दर लावला की तो हमखास दगा देतो. कारण अगदी साधे आहे आणि ते शाळेतल्या भूमितीतले आहे. तीस बाय छत्तीसचे घर घ्या. क्षेत्रफळ १०८० चौरस फूट, आणि बाहेरच्या भिंतींचा घेर १३२ फूट. आता दहा बाय अठराचे गॅरेज घ्या. क्षेत्रफळ १८०, घेर ५६. म्हणजे घराला दर चौरस फुटामागे जेवढी बाहेरची भिंत लागते त्याच्या अडीचपट गॅरेजला लागते. खड्डे, कॉलम, बीम, सगळे घेराबरोबर वाढते. शिवाय मिस्त्री, सेंट्रिंगवाला, मिक्सरचे भाडे यांचा किमान खर्च काम लहान म्हणून लहान होत नाही. किलोभर साखर आणि छटाकभर साखर यांचा भाव वाणी कधी एक लावत नाही, तसेच हे.

हे मला ठेकेदाराने सांगितले नाही. सांगितले ते पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलीने. ती स्थापत्य अभियंता आहे, तिचे वडील माझे जुने स्नेही. तिने टेप घेऊन मापे घेतली, जुन्या घराचा पाया एका कोपऱ्यात उकरून पाहिला आणि दोन दिवसांनी चार पानी अंदाजपत्रक आणून दिले. खाली बेरीज होती ३,६२,००० रुपये.

ठेकेदाराचे सव्वादोन आणि हिचे तीन बासष्ट! माझ्यातला लेखापरीक्षक जागा झाला. मी लाल पेन काढले.

पहिला आक्षेप कॉलमवर. ‘‘अगं, घराची भिंत आयतीच आहे. त्या बाजूला कॉलम कशाला? स्लॅब सरळ भिंतीवर टेकवू.’’

ती म्हणाली, ‘‘काका, तुमचं घर पस्तीस वर्षांत जेवढं बसायचं तेवढं बसलंय. नवीन बांधकाम आता बसायला सुरुवात करणार. आणि आपली जमीन काळी. दोघांना एकत्र बांधलं की नवीन खाली जाताना जुन्याला ओढणार. सांध्यावर भेग पडणार आणि पाणी थेट तुमच्या देवघरात.’’

काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, एवढे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. कृष्णाकाठच्या शेतात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांत मनगट जाते. त्या मातीवर पाया टेकवायचा नसतो. ती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत जायचे असते. नवे बांधकाम स्वतःच्या पायावर उभे करायचे, जुन्या भिंतीपासून इंचभर अंतर ठेवायचे, ती फट लवचीक भरावाने बुजवायची आणि वरून पत्र्याची पट्टी मारायची. म्हणजे ‘आयती भिंत’ ही बचतच नव्हती. लाल रेघ मी मुकाट्याने खोडली.

दुसरा आक्षेप लोखंडावर. ७०० किलो म्हणजे फार वाटले. तेव्हा तिने मला एक गंमत शिकवली. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचे; उत्तर येते ते एक मीटर सळईचे वजन, किलोमध्ये. बारा मिलिमीटरची सळई असेल तर १४४ भागिले १६२, म्हणजे ८९० ग्रॅमच्या आसपास. बाजारात सळई साधारण बारा मीटरची येते, म्हणजे एका नगाचे वजन साडेदहा किलोच्या थोडे वर. नग मोजा, गुणाकार करा आणि काट्याच्या पावतीशी ताडून पाहा. बांधकाम काढणाऱ्या प्रत्येकाने हे सूत्र पाकिटात ठेवावे. मी दोन संध्याकाळी बसून तिच्या सगळ्या सळया मोजल्या. ६९४ किलो आल्या.

तसेच ब्रासचे. वाळू, खडी, मुरूम हे सगळे ब्रासमध्ये विकले जाते, आणि ब्रास म्हणजे शंभर घनफूट, यात वाद नाही. वाद असतो तो ट्रॉलीत. मुरमाचा नमुना म्हणून आलेल्या पहिल्याच ट्रॉलीला मी टेप लावला. लांबी नऊ फूट, रुंदी साडेपाच, मालाची उंची दीड. गुणाकार केला तर ७४ घनफूट भरला. ट्रॉलीवाला म्हणाला, ‘‘ट्रॉली म्हणजे ब्रासच की साहेब, सगळीकडं तसंच धरत्यात.’’ सगळीकडे पाऊण ब्रासला ब्रास धरत असतील तर खड्डा मात्र पुरा एक ब्रास मागतो. वाळूची आणखी एक खोड आहे. ती किंचित दमट असली की फुगते, पाव हिश्श्यापर्यंतही फुगते. ट्रॉली शिगोशीग दिसते आणि तीच वाळू कोरडी झाली की बसते. दमट माल मापाने घेणे म्हणजे हवा विकत घेणे.

एक बाब मात्र मी खोडली ती खोडलीच. शेवटच्या पानावर ‘अकल्पित खर्च, ५ टक्के’ अशी ओळ होती. नोकरीत ही ओळ दिसली की माझे डोके फिरायचे. जो खर्च कल्पनेत नाही तो कागदावर आलाच कसा? मी तिला तसे म्हणालो. ती हसली. ‘‘काका, जुन्या घराला काही जोडताना पाच टक्केसुद्धा कमीच. मी तुम्हाला घाबरून पाच लिहिले.’’

असो. अंदाजपत्रक खरे होते, हीच तर पंचाईत होती. बँकेत चार लाखांची एक मुदत ठेव होती, आजारपणासाठी राखलेली. आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिला हात लागता लागता राहिला होता. आता गॅरेजने ती जवळजवळ सगळीच खाल्ली असती. त्यात लोखंडाचा बाजार पेटलेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले होते आणि सांगलीच्या दुकानात किलोला ७८ रुपये सांगत होते. दराच्या कागदाखाली ‘दर फक्त सात दिवसांसाठी’ अशी टीप. ठेकेदार रोज फोन करी, ‘‘उद्या वाढणार साहेब, आज उचलून टाकू.’’ हैदराबादहून मुलाचा वेगळाच सूर. ‘‘बाबा, करताच आहात तर पाया दोन मजल्यांचा घ्या. पुढेमागे वर एक खोली काढता येईल.’’ हे ‘पुढेमागे’ फार महाग असते. दोन मजल्यांचा पाया म्हणजे खड्डे मोठे, कॉलम जाड, लोखंड दीडपट. आणि खोली काढायची की नाही ते ठरणार दहा वर्षांनी. मी त्याला सांगितले, तुझ्या खोलीचा पाया तू तुझ्या पैशाने घाल. त्यानंतर तो विषय थांबला.

यात आणखी एक पेच होता. बाजूच्या मोकळ्या जागेत भिंतींनी बंद केलेली खोली उभी करता येणार नाही, असे त्या मुलीने पहिल्याच दिवशी बजावले होते. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे सोडून राज्यभर बांधकामाची एकच नियमावली लागू झाली आहे, तिचे जाडजूड पुस्तक तिने माझ्यापुढे ठेवले. गॅरेज न्यायचे तर प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात न्या, ठरलेल्या मापात. मागच्या कोपऱ्यात पारिजातक आहे. तिथपर्यंत चाळीस फूट फरसबंदी करायची, झाड तोडायला वेगळी परवानगी काढायची आणि आईला तिथून वॉकरवर पुढच्या पायऱ्यांपर्यंत चालत आणायचे. ठेकेदाराचे म्हणणे, ‘‘कोण बघतंय साहेब? सगळ्यांनी बाजूलाच काढल्यात.’’ आयुष्यभर दुसऱ्यांना खुलासे मागितलेल्या माणसाने म्हातारपणी स्वतः खुलासा देत बसायचे, हे मला झेपणारे नव्हते. पण खरे सांगायचे तर त्या आठवड्यात मी डळमळलो होतो. सगळ्यांनी काढलेच आहे, असे मीही एकदा बायकोला म्हणालो.

शेवटी त्या मुलीने एक सोपा उपाय सुचवला. ‘‘काहीही ठरवायच्या आधी जमिनीवर फक्की मारून बघू या.’’

फक्की म्हणजे दगडाची किंवा चुन्याची पांढरी भुकटी. खोदाईच्या आधी मिस्त्री दोरी ताणून तिच्याने जमिनीवर भिंतींच्या रेघा आखतो. दहा बाय अठराची चौकट जमिनीवर उमटली. नऊ इंची भिंतीची जाडी, नऊ इंची कॉलम, सगळे रेघांत आले. आतली निव्वळ रुंदी उरली साडेआठ फूट. गाडीची रुंदी १६२० मिलिमीटर, म्हणजे पाच फूट चार इंच. कागदावर तीन फूट दोन इंच शिल्लक. उत्तम!

योगायोगाने त्याच दिवशी आईला तपासणीहून आणायचे होते. मिस्त्री म्हणाला, ‘‘आज्जींना आतच आणा की, रेघांत. बघू तर.’’ मी गाडी आत घेतली. उजवीकडे जिथे भिंत येणार होती तिथे मिस्त्री आणि त्याचा बिगारी कमरेएवढ्या उंचीवर दोरी ताणून उभे राहिले. मला उतरायला दोन फूट तरी हवेत, म्हणून तेवढे ठेवून गाडी उभी केली, दोरीला पोट घासत बाहेर आलो आणि डावीकडे जाऊन आईचे दार उघडले. दार दीड वीत उघडले आणि कॉलमच्या जागी रचलेल्या विटांना टेकले.

आई आतून त्या फटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘अरे, मला काय चिमट्याने काढणार आहेस का?’’

आम्ही गाडी डावीकडे जागा सोडून पुन्हा लावली. आता आईचे दार पुरते उघडले, बायको वॉकर घेऊन शेजारी उभी राहू शकली, पण मी आत अडकलो. माझ्या दारापुढे दोरी. गाडी सरळ, तिरकी, अर्धी बाहेर, सगळे प्रकार झाले. एक तर आई उतरेल नाहीतर मी. ठेकेदारही एव्हाना येऊन पोचला होता. त्याने व्यवहारी तोडगा काढला. ‘‘आज्जींना गेटपाशी उतरवायचं आन् मग गाडी आत घालायची. सगळे असंच करत्यात.’’

गेटपासून पायऱ्या तीस फूट. पावसाळ्यात, वॉकर घेऊन, ओल्या फरशीवरून. ज्या अंगणात ती पडली तेच अंगण. म्हणजे चार पानांच्या त्या अंदाजपत्रकात सिमेंटचे पोते न् पोते होते, सळईचा ग्रॅम न् ग्रॅम होता, मी तो दोनदा तपासला होता; आणि तीन लाख बासष्ट हजार खर्चून गाडी कोरडी राहणार होती आणि आई भिजणार होती. हे तपासायला मला सुचले नव्हते. त्या मुलीलाही नाही. तिने ते मोकळेपणाने कबूल केले. ‘‘काका, तुम्ही गॅरेज म्हणालात, मी गॅरेज मोजलं.’’

ठेकेदार गेल्यावर आम्ही सगळे त्या फक्कीच्या चौकटीत खुर्च्या टाकून बसलो. चहा झाला. आई म्हणाली, ‘‘भिंत हवीच कशाला? गाडी काय पळून जाणार आहे?’’

भिंत का हवी, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. चोरी म्हणावी तर गाडी चार महिने गल्लीत उघडी होती. भिंत गेली की शटर जाते, विटा जातात, गिलावा जातो, आणि मुख्य म्हणजे दोरी जाते. गाडीच्या पलीकडची मागच्या अंगणात जायची वाट आणि गाडीचे दार उघडायची जागा एकच होऊन जाते. मुलीने तिथेच वहीच्या मागच्या पानावर आकृती काढली. घरापासून नऊ फुटांवर लोखंडी चौकोनी नळीचे तीन खांब. खांबांपासून हद्दीच्या भिंतीपर्यंत पाच फूट मोकळे. खांबांवरून घराच्या दिशेने आलेले हात आणि त्यांवर रंगीत पत्रा, घराला न टेकता छज्जाच्या खाली सरकवलेला. गाडी खांबांना अर्धा फूट सोडून लावायची; ड्रायव्हरचे दार दोन खांबांच्या मधून उघडते. आईच्या बाजूला उरतात तीन फूट दोन इंच, आणि समोर ओसरीच्या बाजूच्या पायऱ्या. उघडा पोर्च असल्याने ठरलेल्या मापात परवानगीही मिळण्यासारखी.

नव्या अंदाजपत्रकाची बेरीज १,४६,००० रुपये झाली. लोखंडी सांगाडा ६९,०००, पत्रा १६,५००, तीन खड्डे आणि पाया १६,०००, सोलिंग आणि पेव्हर ब्लॉकची जमीन २४,०००, रंग आणि दिवा ८,५००, नकाशा व परवानगीचा खर्च १२,०००. मुदत ठेव निम्म्याहून अधिक वाचली.

पत्र्याच्या कामाबद्दल दोन गोष्टी या निमित्ताने कळल्या, त्या सांगून टाकतो. फॅब्रिकेशनवाले चौरस फुटाचा दर सांगतात. तो घेऊ नये. किलोचा दर मागावा आणि सांगाडा काट्यावर तोलून घ्यावा. नळी बाहेरून सारखीच दिसते, पण आतून दोन मिलिमीटर जाड की तीन, हे रंग मारल्यावर कोणाच्या बापाला कळत नाही. दुसरे असे की, पत्र्याच्या छपराचा पाया वजन पेलण्यासाठी नसतोच म्हणा ना; तो छप्पर धरून ठेवण्यासाठी असतो. वळवाच्या वाऱ्यात पत्रा पतंगासारखा वर उचलला जातो. म्हणून एवढ्याशा हलक्या छपराला साडेचार फुटी चौरस पाया कशाला, असे मी विचारले नाही. लाल पेन तेव्हाच कपाटात गेले होते.

थांबल्याचा एक फायदा झाला. २२ मे २०२२ पासून केंद्राने पोलादाच्या निर्यातीवर शुल्क लावले आणि दर उतरू लागले. ठेकेदाराच्या ‘उद्या वाढणार’वर मी एप्रिलात सळई उचलली असती तर आज ती परसात गंजत पडली असती. यात माझी हुशारी काहीच नव्हती, आईचे दार उघडले नाही म्हणून हे झाले. (सिमेंटवरचा वस्तू व सेवा कर पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हा माझे काम होऊन तीन वर्षे उलटली होती. माझ्या खरेद्या नेहमीच अशा वेळी होतात.)

काम जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाले आणि मग ते ‘अकल्पित’ एकेक करून रांगेने दारात येऊ लागले. मुरूम चार फुटांवर लागेल असे धरले होते. तो सहा फुटांवर लागला. तीन खड्डे दोन-दोन फूट खोल गेले, ९,४०० रुपये वाढले. दुसऱ्याच खड्ड्यात मिस्त्रीची पहार पाण्याच्या नळावर बसली. तो नळ तिथून गेला आहे हे वडिलांच्या वहीत चक्क आकृती काढून लिहिलेले होते. सिमेंटची पाने सोडून मी ती वही पुढे वाचलीच नव्हती. दोन दिवस कोरडे गेले आणि ३,२५० रुपये. मग लक्षात आले की जुने गेट सात फुटांचे आणि त्याची दारे आत उघडतात. गाडी आत घेतली की गेट मिटत नाही. नवे सरकते गेट, जुन्याची मोड वजा जाता ११,५००. गटारावरचा उतार मजबूत करायला ६,०००. वरून जाणारी विजेची वायर पत्र्याच्या फार जवळ येत होती, ती सरकवायला २,५००. एकंदर बत्तीस हजार सहाशे पन्नास. एकूण खर्च १,७८,६५०. टक्केवारी काढली तर साडेबावीसच्या जवळ जाते. ही बेरीज मी त्या मुलीला दाखवायला गेलो, तेव्हा ती एक शब्दही बोलली नाही. तिच्या वडिलांनी मात्र लाल पेन माझ्यापुढे केले.

यातला एकही खर्च खरे तर अकल्पित नव्हता. गेट रोज उघडत होतो. वायर डोक्यावर होती. नळाचे पाणी पीत होतो. २०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा पूर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर थांबला होता, त्यामुळे जमीन रस्त्यापेक्षा सहा इंच वर घ्यायची हे मात्र सगळ्यांना आठवले आणि तेवढा मुरूम हिशेबात धरला गेला. डोळ्यांदेखत घडलेले तेवढे लक्षात राहते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पोर्च तयार झाला. रात्री पाऊस सुरू झाला तसा पत्र्यावर ताशा वाजू लागला. आईची खोली त्याच बाजूला आहे. सकाळी मी भीतभीत विचारले, झोप लागली का? ती म्हणाली, ‘‘माहेरी असाच आवाज यायचा.’’ तिचे माहेर चंदगडकडचे, तिथे पाऊस चार महिने मुक्कामालाच असतो. त्याच दिवशी अकरा वाजता फिजिओथेरपीहून परत आलो. पाऊस कोसळत होता. गाडी खांबांना अर्धा फूट सोडून लावली, मी उतरलो, आईचे दार पुरते उघडले, बायकोने वॉकर पुढे धरला. आई उतरली, चार पावले टाकून ओसरीवर गेली आणि साडीचा काठ हातात धरून पाहिला. कोरडा होता.

एक गोष्ट मात्र राहून गेली. दोन्ही अंदाजपत्रकांत, तिच्या आणि माझ्या तपासणीतही, पत्र्याच्या कडेची पन्हळ कोणीच धरली नव्हती. सगळे पाणी पलीकडच्या वाटेवर पागोळ्यांनी पडते आणि मागच्या अंगणात जाताना मानेवर धार लागते. फॅब्रिकेशनवाला अठरा फुटांचे २,८०० सांगतो आहे. मी २,५०० धरले आहेत.